भोंग्याची किल्ली

फोनवर मोटर ऐकायचं मी बंद केलंय, हे आधीच सांगून ठेवतो. तरी लोक फोन करतातच. "भाऊ, जरा ऐका की कशी वाजतीय," म्हणायचं आणि मोबाईल थेट मोटरीला नेऊन चिकटवायचा. मी कट करतो. परत लागला तर "खोलून घेऊन या" एवढंच बोलतो. परवा डिंगोऱ्याचा एक म्हातारा तावातावानं म्हणाला, "लई मोठा झाला का रं तू? मोटर काय, कुणीबी भरून देतो. आमी तुझ्या कानासाठी यितो." मी म्हटलं, "कान गेला बाबा माझा." त्याला वाटलं मी बहिरा झालो. जाताना मोठमोठ्यानं ओरडून रामराम घालून गेला.

पिंपळवंडीजवळ रस्त्याच्या कडेला माझं मोटर भरायचं दुकान आहे. जळालेल्या मोटरीचं वायंडिंग काढायचं, नवी तार भरायची, वार्निश मारायचं, बस. पंचवीस वर्षं हेच करतोय. या धंद्यात माझं नाव झालं ते मात्र कानामुळे. विहिरीतनं मोटर वर काढायची म्हणजे चार माणसं, दोर, अर्धा दिवस मोडतो. त्यापेक्षा फोन लावायचा, मी ऐकणार आणि सांगणार की बेरिंग गेलंय, का एक फेज गेलीय, का पंप नुसताच कोरडा फिरतोय. बेरिंग गेलेली मोटर कण्हते. एक फेज गेलेली नुसती घुमते, तिला उठायचं असतं आणि उठता येत नाही. दहातल्या नऊ वेळा मी बरोबर निघायचो. पुढे व्हॉट्सअॅप आलं तसे लोक आवाज भरून पाठवायला लागले. सकाळी फोन उघडला की तालुक्यातल्या सगळ्या आजारी मोटरी माझ्या नावानं बोंबलत असायच्या.

ते आवाज मी पुसले नाहीत. का ते विचारू नका, मलाही तेव्हा माहीत नव्हतं. फोन भरला तेव्हा माझी भाची, आक्काची मुलगी, नारायणगावात कॉम्प्युटर क्लासला शिकवते, तिनं ते सगळे दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर घेतले आणि आवाज कापायचा-जोडायचा एक प्रोग्रॅम टाकून दिला. "मामा, टाईमपास करा," म्हणाली. मी एक दिवस तीन गावच्या तीन मोटरी एकावर एक ठेवल्या आणि वाजवल्या. अंगावर सर्रकन काटा आला. उठून बंदच करणार होतो, पण हात जाईना. संपल्यावर परत लावलं.

तेव्हापासून मला ते वेडच लागलं. गुऱ्हाळाच्या चरकाचा आवाज आणला, बोअरच्या गाडीचा आणला, वाऱ्यानं धडधडणाऱ्या पत्र्याचा आणला, टोमॅटोचे क्रेट सिमेंटवरनं ओढतात तो आणला. मी विचार करायचो, जन्मभर आपण मोडणारी वस्तू ऐकतो ती नीट करण्यासाठी. मोटर जळायला लागली की मालक पळत जाऊन स्टार्टर पाडतो. ती शेवटी कशी वाजते हे कुणीच ऐकत नाही. मग मी काय शहाणपणा केला, भंगारातली एक मोटर दुकानातच बांधली, तिला मुद्दाम एका फेजवर चालवली आणि पूर्ण जळेपर्यंत तिचा आवाज भरला. वास घरापर्यंत गेला. बायको पदर नाकाला लावून आली, म्हणाली, "आहो, दुकान पेटलं का डोकं पेटलं?"

त्या जळणाऱ्या मोटरीवर शेवट होईल असं एक सलग काम मी तयार केलं. अठ्ठेचाळीस मिनिटांचं. सुरुवातीला नुसती एक घुं, आहे की नाही कळणार नाही अशी. मग एकेक मोटर येते, चरक येतो, पत्रा येतो, मधे एक जागा आहे तिथे सगळं एकदम थांबतं आणि फक्त कुणाच्या तरी विहिरीतलं पाणी टपटपतं, आणि मग ती जळणारी मोटर सुरू होते. त्याला मी गाणं म्हणत नव्हतो. बायको त्याला कुथणं म्हणायची. "तुमचं कुथणं बंद करा, मला दिवा लावायचाय."

आता ऐका गंमत. जे कुणी ऐकायचं ते घाबरायचं. गिऱ्हाईक दहा मिनिटांत उठायचं. "राव, मोटर उद्या नेतो," म्हणायचं. एकानं तर सरळ सांगितलं, "भाऊ, नारळ फोडा, मशीनला कायतरी लागलंय." पुण्यातल्या काही पोरांना ते इंटरनेटवर सापडलं, त्यांनी मला बोलावून घेतलं. एका तळघरात पंचवीस-तीस जण, सगळ्यांचे काळे कपडे, मला वाटलं कुणाचं बरंवाईट झालंय की काय. त्यांनी सांगितलं की याला इंडस्ट्रियल म्हणतात, एक्सपेरिमेंटल म्हणतात, जगभर करतात लोक. मी इंडस्ट्री म्हणजे चाकणची एमआयडीसी एवढंच समजणारा माणूस. लावलं. विसाव्या मिनिटाला एक मुलगी रडत बाहेर गेली. पाण्याच्या टपटपीनंतर आणखी सात-आठ गेले. एक जण छातीला हात लावून कोपऱ्यात खाली बसला, मग तोही गेला. बोलावणारी पोरं मात्र खूश. "काका, काय घाबरवलंत! जबरदस्त!"

मला कुणाला घाबरवायचं नव्हतं हो. मला फक्त एक माणूस हवं होतं जे ते शेवटपर्यंत ऐकेल. जत्रेत तमाशा उभा राहिला तर बाप्ये पहाटेपर्यंत उठत नाहीत, आणि माझी अठ्ठेचाळीस मिनिटं कुणाच्यानं बसवत नव्हतं. येताना एसटीत मला इतकं वाईट वाटलं की राजगुरुनगरला उतरून चहा प्यायचीही इच्छा झाली नाही.

ते माणूस मला घरातच मिळालं. माझी थोरली बहीण, आक्का.

आक्का बोरीला दिलेली. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, म्हणजे आईच म्हणा. दाजी वारल्यापासून दर बाजारच्या दिवशी ती गुरांच्या घासातून, भाजीतून वेळ काढून माझ्याकडे चक्कर टाकायची. पिशवीत काहीतरी असायचंच, नि रिकामं बसणं तिला ठाऊकच नव्हतं. त्या दिवशी ती दुकानात उपड्या क्रेटवर बसून पावटे सोलत होती. मी माझं काम लावून ठेवलेलं, विसरूनच गेलो की ती बसलीय. ऐकता ऐकता मागं बघितलं तर ती पावटे सोलतच होती. पाण्याची टपटप आली, गेली. मोटर जळाली. सगळं संपलं. आक्कानं शेंगांची टरफलं गोळा केली आणि म्हणाली, "झालं व्हय?"

मी म्हटलं, "आक्का, भ्या न्हाई वाटलं?"

"वाटलं की. लई वाटलं. पण आमच्या घरात आसंच व्हतं ना रं, आठ महिने."

मग मला समजलं. दाजींची फुप्फुसं गेली होती. शेवटचे आठ महिने त्यांच्या खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन चालू असायचं, रात्रंदिवस, घुं घुं घुं आणि मधेच एक फस्स. आक्का त्याच खोलीत झोपायची. ती म्हणाली, "मशीन बंद केलं तवा समदी रडाय लागली. मी मशिनीकडं बघत बसले. येवढं गप मला सोसंना. लोकं म्हणत्यात देवाचं लाव, भजन लाव. लावलं. बरं वाटतं, पण ते खोटं वाटतं. तुझं हे बरं न्हाई वाटत. पण हाय ते खरं हाय."

एवढं बोलून ती पावट्याची उसळ कशी करायची ते माझ्या बायकोला सांगायला आत गेली. मी तिथेच स्टुलावर बसलो आणि रडलो. पन्नाशीचा बाप्या, वार्निशच्या हातानं डोळे पुसतोय. दिवसभर डोळे चुरचुरले. त्यानंतर आक्का आली की पिशवी खाली ठेवायची आणि म्हणायची, "लाव तुझं." आणि शेवटपर्यंत बसायची. एकदाही मधून उठली नाही.

यानंतर जे झालं ते माझ्या हातानं झालं. बिबट्यानं केलं असं लोक म्हणतात. म्हणू देत.

आमच्याकडे बिबट्या म्हणजे पाव्हणा नाही, भाऊबंदच. ऊस उभा राहिला की तो उसात असतोच. तिथे पिल्लं होतात, तिथे मोठी होतात. त्या साली बोरीला आक्काच्या वस्तीच्या कडेनं त्यानं दोन कुत्री उचलली, शेळी उचलली, मग दिवसाढवळ्या चारच्या सुमाराला गोठ्याबाहेरचं वासरू ओढलं. लोकांची पाचावर धारण बसली. पिंजरा लावला, त्यात काही येईना. पारावर माणसं जमली, मीही आक्काच्या काळजीनं गेलेलो. कुणी म्हणे फटाके वाजवा, कुणी म्हणे लाईट लावा. एक जण हसत हसत म्हणाला, "भाऊचं ते लावा की भोंग्यावर! माणसं पळत्यात, बिबट्याची काय टाप हाय?"

सगळे खो खो हसले. मला राग यायला हवा होता. पण खोटं कशाला बोलू, मला उकळ्या फुटल्या. माझं काम भोंग्यावर! उघड्यावर, शिवारभर!

दोन दिवसांत मी सगळं उभं केलं. देवळाचे दोन जुने भोंगे नीट केले, उसाच्या कोपऱ्यावर आक्काच्या बांधाला लोखंडी नळाचा खांब रोवला, तारा त्याच्या पोटातून वर नेल्या. खाली लोखंडी पेटी, त्यात अॅम्प्लिफायर, बॅटरी आणि टायमर. दुपारी तीनला सुरू, सकाळी सातला बंद. अठ्ठेचाळीस मिनिटं झाली की परत पहिल्यापासून. बॅटरी चोरीला जायला नको म्हणून पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या जुडग्यात अडकवली.

आणि झालं काय, बिबट्या गायबच झाला. महिना-सव्वा महिना कुत्रं गेलं नाही की कोंबडी गेली नाही. माझी कॉलर ताठ. "भाऊनं वाघ पळवला," लोक म्हणायचे. शेजारच्या गावांनी विचारणा केली. माणसंही त्या कोपऱ्याकडे फिरकेनाशी झाली. मेंढरंवाला लांबून वळसा घालून जायचा, पोरं बोरं वेचायला जायची ती बंद झाली. मला त्याचंही कौतुक वाटायचं, बघा. मी एक छोटा रेकॉर्डर घेतला होता, तो अधूनमधून दुपारी बांधावरच्या बाभळीला अडकवून यायचो. उसाच्या पानातनं माझं काम कसं घुमतं ते मला भरून घ्यायचं होतं. पुण्याच्या पोरांना पाठवणार होतो.

आता त्या वस्तीवरच्या बायांची एक रीत सांगायला पाहिजे. बिबट्याचा वावर वाढल्यापासून त्या एकेकट्या घास कापायला गेल्या तरी एकमेकींना हाळी देत राहायच्या. आक्का उसाच्या अलीकडे, तिची जाऊ उसाच्या पलीकडे. चार पेंढ्या कापल्या की आक्का उभी राहून ओरडायची, "हाय का गंऽऽ?" पलीकडून जाऊ म्हणायची, "हाय गंऽऽ!" मग थोड्या वेळानं जाऊ विचारायची आणि आक्का उत्तर द्यायची. उत्तर नाही आलं तर विळा घेऊन पळत सुटायचं आणि ओरडून माणसं गोळा करायची. शिवाय मधून मधून उभं राहिलं की जनावराला कळतं हे माणूस आहे. वाकलेलं माणूस त्याला शेळीएवढंच दिसतं. हे कुणी शिकवलं नव्हतं, बायांनी आपलं आपण बसवलेलं.

एका बाजारच्या दिवशी आक्का आली, पिशवी ठेवली, पण "लाव तुझं" म्हणाली नाही. म्हणाली, "भाऊ, एक सांगू का? तुझा भोंगा लागल्यापासनं आमची हाळी ऐकू येत न्हाई. आमी घास घेऊन घरी यीस्तोवर तरी बंद ठिव. सहाला लाव की."

मी म्हटलं, "वासरू चारला गेलं आक्का, सहाला लावून काय उपयोग? आणि भोंगा असताना हाळी कशाला पाहिजे? तो फिरकतोय का आता?"

"जाऊबी आसंच म्हणती. तिनं सोडलंय हाळी द्यायचं. मी देते."

"दे मग," मी म्हटलं, "तुला सवय आहे."

वर हसलो मी. ती पण हसली. वनखात्याचा एक जुना गार्ड त्याच आठवड्यात दुकानावरनं जाताना थांबला होता, तोही म्हणाला होता की आवाज एकच राहिला की जनावर सरावतं, अधूनमधून बदला. मी त्यालाही उडवून लावलं. म्हटलं, बदला म्हणजे काय? कीर्तनकाराला कुणी मधेच सांगतं का, हे नको, दुसरं लाव? अठ्ठेचाळीस मिनिटांत एक मिनिट इकडचं तिकडे करायची माझी तयारी नव्हती. जन्मभर लोकांनी ऐकावं म्हणून तडफडलो आणि मला दोन माणसांनी दोन शब्द सांगितले ते मी ऐकले नाहीत.

तो दिवस साधाच होता. दुपारी तीनच्या सुमाराला मी रेकॉर्डर बाभळीला लावून आलो होतो. आक्का गोठ्यात होती, "च्या घे" म्हणाली, मी म्हटलं संध्याकाळी येतो, घाई आहे. चारनंतर दुकानात एकाची मोटर फोनवर ऐकत होतो. मधेच दुसरा फोन वाजायला लागला, भाचीचा. मी घेतला नाही. मोटरीचं बेरिंग गेलंय का बुश गेलाय हे ठरवत होतो. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा घेतला. ती काय बोलली ते मला आठवत नाही. गाडीवर कसा गेलो तेही आठवत नाही.

आठवतं ते एवढंच की वस्तीच्या वळणावरच माझं काम ऐकू यायला लागलं. भोंगे चालूच होते. चरकाचा भाग चालला होता. माणसं जमली होती, आक्काला उसाच्या कडेनं उचलून बांधावर आणून ठेवलं होतं, तिच्या अंगावर कुणीतरी आपलं घोंगडं टाकलं होतं. जाऊ ऊर बडवत होती आणि तिचं तोंड हलताना दिसत होतं, आवाज येत नव्हता. सगळे एकमेकांच्या कानाशी जाऊन ओरडून बोलत होते. कुणी दगडानं पेटी फोडायला बघितली होती, पेटीला पोचे पडले होते, पण मी बनवलेली पेटी, ती कशी फुटणार? एक म्हातारा माझ्या दंडाला धरून कानात ओरडला, "भाऊ, आदी ते बंद कर रं बाबा!"

किल्ली माझ्या खिशात होती. पण जुडग्यातली एकेक किल्ली लावून बघतोय, नेमकी ती हाताला लागेना. पाण्याची टपटप सुरू झाली, सगळं एकदम शांत झालं आणि त्या शांततेत पहिल्यांदा जाऊचं रडणं ऐकू आलं. ती म्हणत होती, "मला वाटलं भोंगा हाय, मला वाटलं भोंगा हाय." मग पुढचं सुरू झालं. तेव्हा कुठे कुलूप निघालं.

गार्ड आला तो संध्याकाळी. त्यानं मला खांबाच्या मागे नेलं, उसाच्या दोन सरींच्या आत. तिथे पाचोळा दाबून गोल जागा झालेली, केस पडलेले, हाडं पडलेली, जुनी. "आजची न्हाई ही," तो म्हणाला. "बऱ्याच दिवसांची बसायची जागा हाय. माणूस इकडं फिरकत नव्हतं ना. त्याला यवढी बिनघोर जागा सबंध शिवारात नव्हती." माणूस भला होता, मी सांगितलं होतं असं काही तो बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

दशक्रियेला घाटावर लोक माझ्याशी बोलत नव्हते असं नाही. बोलत होते. "नशिबात व्हतं," "जनावरच ते," "तू काय करणार?" मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की अरे, शिव्या द्या, थोबाडीत द्या एखादी. जाऊ तेवढी माझ्याकडे बघायची आणि मी तिच्याकडे बघायचो, आणि दोघंही मान खाली घालायचो.

पंधरा-वीस दिवसांनी भोंगे उतरवायला गेलो तेव्हा बाभळीला रेकॉर्डर दिसला. सेल संपून बंद पडलेला. त्या दुपारपासनं तो तिथेच होता.

आता मी काय केलं ते सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. त्या रेकॉर्डिंगमध्ये नुसता माझा भोंगा भरलेला होता, दुसरं काही ऐकू येत नव्हतं. पण माझ्याकडे मूळ काम होतं. त्याच कामाची लाट उलटी केली, म्हणजे चढाच्या जागी उतार केला, आणि रेकॉर्डिंगवर बरोबर ठेवली की आवाज आवाजाला खातो आणि खालचं उरतं. म्हणायला सोपं. वाऱ्यानं, पानांनी, भोंग्याच्या पत्र्यानं माझा आवाज ठिकठिकाणी बदललेला. पाच महिने लागले. एकेक सेकंद धरून मी माझंच काम पुसत बसलो. आधी चरक पुसला, मग पत्रा, मग एकेक मोटर. कुठल्या गावची कुठली मोटर ते मला पाठ होतं, तसतशी ती काढत गेलो. बायकोनं एकदा विचारलं, "आता काय नवीन करताय?" मी म्हटलं, "काही करत नाही. काढतोय."

एक दिवस खालून विळ्याचा आवाज यायला लागला. खर्र, खर्र, खर्र. घास कापतात तसा, सावकाश. कापणारा हात मी ओळखला. मग विळा थांबला. कपड्यांची सळसळ झाली, म्हणजे ती उभी राहिली. आणि लांबून, पातळ, जणू विहिरीच्या तळातनं, "हाय का गंऽऽ?"

उत्तर नाही. तिनं वाट बघितली, मी मोजलंय, वीस सेकंद. परत, "हाय का गंऽऽ?" पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा जरा मोठ्यानं, चिडून म्हणाली. मग परत विळा सुरू झाला. उत्तर नाही आलं तर पळायचं ही रीत तिला माहीत होती. पण उत्तर न येण्याची तिला दीड महिन्यात सवय झाली होती.

मी तिथे थांबवलं. रेकॉर्डिंग पुढे एकोणीस मिनिटं आहे. त्यातलं मी काहीही पुसलेलं नाही, काहीही ऐकलेलं नाही.

भाची मागे आली होती, दुकानात त्याच क्रेटवर बसली. तिला कुणीतरी रेकॉर्डरचं सांगितलं असणार. म्हणाली, "मामा, त्यात आईचा आवाज हाय का?"

मी म्हटलं, "नाही गं. नुसता भोंगा आहे."

तिनं क्रेट कॉम्प्युटरजवळ ओढला. मग म्हणाली, "मग ते अठ्ठेचाळीस मिनिटांचं तरी द्या. आई म्हणायची, ते शेवटपर्यंत ऐकायचं आस्तंय. मधनं उठलं की भ्या तसंच ऱ्हातं."

ते मी हाळी सापडली त्याच दिवशी पुसून टाकलं होतं. दुकानातनं, फोनमधनं, पुण्याच्या पोरांना सांगून इंटरनेटवरनं सुद्धा. पोरगी रिकाम्या हातानं परत गेली. तिच्याशी मी एक खोटं बोललो, आणि दुसरं तिनं मागितलं ते खरोखरच माझ्याकडे नव्हतं.

रोज चारच्या सुमाराला मी कानाला हेडफोन लावतो. विळा ऐकतो. पहिली हाळी, दुसरी हाळी. तिसरी झाली की बटण दाबून थांबवतो आणि म्हणतो, "हाय गं आक्का." कधी मोठ्यानं निघून जातं. परवा एक गिऱ्हाईक मोटर खांद्यावर घेऊन दारात उभं होतं, त्यानं मागं वळून बघितलं. "कुणाला वो भाऊ?"

"कुणाला नाही," मी म्हटलं. "ठेव ती मोटर खाली."